शब्दांची शीव

कुर्ला किंवा चुनाभट्टीकडून रिक्षाने दक्षिणेकडे निघालेल्या माणसाला शीवच्या आसपास उतरावं लागतं. पुढे दादर आहे, परळ आहे, लालबाग आणि गिरगाव आहे. रस्ता तोच, गर्दी तीच, पण रिक्षाला पुढे जायची परवानगी नाही. इथून पुढे टॅक्सी, नाहीतर बेस्टची बस. मुंबईत नव्याने आलेला माणूस गोंधळतो. आपण मुंबईतच तर होतो, मग ही कुठली हद्द आली? रिक्षावाला मात्र सहज सांगून जातो, ‘इथून पुढे मुंबई.’

तो बोलून गेला त्याला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. गावाच्या हद्दीला मराठीत शीव म्हणतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. शीव नावाची ही वस्तीसुद्धा एका हद्दीवरच बसलेली आहे, आणि ती हद्द एका शब्दाच्या भांडणातून आखली गेली. भांडण होतं ते एवढंच, की ‘मुंबई’ म्हणजे नेमकं काय?

२३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झा यांच्या विवाहाचा तह झाला. त्याच्या अकराव्या कलमानुसार पोर्तुगालने ‘मुंबईचं बंदर आणि बेट’, तिथले हक्क, उत्पन्न, प्रदेश आणि त्याला जोडून असलेलं सगळं काही इंग्लंडच्या राजाला देऊन टाकलं. कलम मोठं दमदार होतं. मात्र हे बेट कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, हे कलमात कुणी लिहिलं नव्हतं. लंडनच्या दरबारातल्या माहितीची अवस्था अशी, की राजाचा मुख्यमंत्री म्हणावा असा लॉर्ड क्लॅरेंडन मुंबई ब्राझीलपासून थोड्याच अंतरावर आहे असं समजत होता.

१६६२ साली इंग्रजांचं आरमार ताबा घ्यायला आलं तेव्हा खरी अडचण उघड झाली. इंग्रजांच्या मते तहातल्या मुंबईत साष्टी आणि ठाणंही येत होतं. पोर्तुगीज म्हणत, मुंबई म्हणजे फक्त मुंबईचं बेट. साष्टी वेगळी, माहीम वेगळं. गोव्याचा व्हाइसरॉय अँतोनियो द मेल्लो द कास्त्रो याने अधिकारपत्रातली खोट दाखवून ताबा द्यायचंच नाकारलं. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आपले सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसला. रोगराईने आणि उपासमारीने माणसं पटापट मेली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही तिथेच गेला. एका शब्दाची व्याख्या ठरत नव्हती म्हणून शेकडो माणसं एका खडकाळ बेटावर मेली, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शेवटी शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने जानेवारी १६६५ मध्ये पणजीला पोर्तुगिजांनी पुढे केलेल्या अटींवर सही केली आणि फेब्रुवारीत बेट ताब्यात घेतलं. पोर्तुगिजांनी व्याख्या आपल्या बाजूने आखून घेतली होती, त्यामुळे कुकच्या हाती आखूड मुंबई आली. लंडनला हा करार मुळीच पसंत पडला नाही. पण कुक मुंबईत उतरला आणि त्याने आजूबाजूला नीट पाहिलं.

आज सात बेटं म्हणून ज्यांची यादी मुलं पाठ करतात, ती भरतीच्या वेळची सात बेटं होती. ओहोटी लागली की मधला चिखल उघडा पडे आणि माणसं पायी ये-जा करत. मग बेट किती? भरतीच्या घटकेला विचारलं तर अनेक, ओहोटीला विचारलं तर एक. पोर्तुगीज भरतीचा हिशेब धरत होते आणि माहीम वेगळं बेट आहे, त्याचं जकात नाकंही वेगळं आहे, असं दाखवत होते. इंग्रज ओहोटीचा हिशेब धरत होते: जिथे चालत जाता येतं ते वेगळं बेट कसलं? दोन्ही बाजूंना भूगोल नीट दिसत होता, कुणी खोटं बोलत नव्हतं. समुद्र दिवसातून दोनदा दोघांनाही पुरावा देत होता.

१६६५–६६ मध्ये इंग्रजांनी माहीम, धारावी, वडाळा आणि शीव आपल्या ताब्यात घेतलं. शीवच्या पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांची साष्टी. तिथे मात्र इंग्रजांची व्याख्या थांबली. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात, १६६९ ते १६७७ दरम्यान, शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला गेला. आजही तो पडक्या अवस्थेत उभा आहे. पायथ्याशी बाग आहे आणि संध्याकाळी तिथे मुलं खेळतात. किल्ला जिथे उभा राहिला तिथे शब्दाच्या अर्थाची कुंपणभिंतच उभी राहिली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसई जिंकल्यावर शिवेपलीकडे मराठ्यांचं राज्य आलं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पुढे १७९८ ते १८०५ दरम्यान गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीवचा बांध घातला गेला आणि खाडी पायाखाली गेली. हद्द मात्र राहिली. १९५० पर्यंत महापालिकेची हद्द साधारण शीव आणि माहीमलाच संपत होती, मुंबई शहर जिल्हा आजही तिथेच संपतो, आणि रिक्षाही तिथेच थांबते.

म्हणूनच डोंबिवलीचा माणूस परदेशात ‘मुंबईचा’ असतो, ठाण्यातल्या नातेवाइकाकडे जाताना डोंबिवलीचा असतो, आणि फोर्टातल्या कचेरीत निघताना ‘मुंबईला जातो’ म्हणतो. एकाच माणसाच्या तोंडात एका दिवसात तीन मुंबई. त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. ऐकणाऱ्याला कुठली मुंबई ते संदर्भावरून कळतं. संदर्भ तुटला की घोळ सुरू होतो: घर घेताना, शाळेत प्रवेश घेताना, जुन्या भाडेकरारात.

शब्दांच्या अशा भांडणांचा विचार भारतात फार पूर्वी झालेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ‘छल’ नावाचा वादातला दोष सांगितला आहे. बोलणाऱ्याने एका अर्थाने वापरलेला शब्द ऐकणाऱ्याने मुद्दाम दुसऱ्या अर्थाने घ्यायचा आणि त्याला खोटं पाडायचं, हा छल. भाष्यकार देतात ते उदाहरण गमतीदार आहे. कोणी म्हणतं, या मुलाकडे ‘नव’ कांबळं आहे. त्याला म्हणायचं असतं नवं. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ? एकच तर दिसतंय! दुसरा प्रकार लक्षणेच्या शब्दांचा. माचा ओरडतात असं कोणी म्हटलं, तर माचांवर बसलेली माणसं ओरडतात एवढंच त्याला सांगायचं असतं. छल करणारा म्हणतो, लाकूड कसं ओरडेल? ‘अख्खी चाळ खाली आली’ या वाक्यावर असा छल करायचा म्हटलं तर परळ-लालबागमध्ये रोज करता येईल.

नैयायिकांनी चर्चेचेही प्रकार केले होते. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद, जिंकण्यासाठी केलेली जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडून काढणारी वितंडा. त्यांच्या लेखी ‘वाद’ हा आदराचा शब्द होता. मराठीत वितंडवाद तसाच राहिला, पण वाद म्हणजे मात्र भांडण झालं. ‘त्यांच्यात वाद झाला’ हे वाक्य न्यायशास्त्राच्या अभ्यासकाने ऐकलं तर त्याला आनंद होईल आणि शेजाऱ्याने ऐकलं तर तो समजूत घालायला जाईल. शब्द पिढ्यांमधून असे सरकत जातात आणि सरकलेला शब्द जुन्या अर्थाने वाचला की पुस्तकातही गैरसमज होतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत एका सहलीतला वाद सांगितला आहे. झाडाच्या खोडाला एक खार चिकटून बसली आहे. पलीकडे एक माणूस उभा आहे. तो खार पाहायला झाडाभोवती फिरतो, पण खारही तितक्याच वेगाने खोडावर सरकते आणि खोड कायम दोघांच्या मध्ये राहतं. माणूस झाडाभोवती फिरला हे नक्की. तो खारीभोवती फिरला का? सहलीतली मंडळी दोन तटांत वाटली गेली होती. जेम्सने विचारलं, ‘भोवती फिरणं’ म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय? आधी उत्तरेला, मग पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला असणं म्हणत असाल तर फिरला. आधी समोर, मग उजवीकडे, पाठीमागे, डावीकडे असणं म्हणत असाल तर नाही फिरला, कारण खारीचं पोट सतत त्याच्याकडेच होतं. वाद तिथेच मिटला.

या गोष्टीतून एक कसोटी निघते. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी २०११ च्या एका लेखात ती नीट मांडली आहे. भांडणाचा जो शब्द आहे तो वापरायला दोन्ही बाजूंना बंदी करायची. त्या शब्दाशिवाय बोलायला लावलं आणि भांडण विरघळलं, तर ते शब्दाचंच भांडण होतं. त्या शब्दाशिवायही ते तसंच उभं राहिलं, तर भांडण दुसऱ्याच कशाचं तरी आहे आणि शब्द फक्त त्याच्या अंगावरचा कपडा आहे.

ही कसोटी स्वयंपाकघरात लावून पाहावी. गिरगावातल्या कित्येक घरांत रोज तव्यावर होते ती पोळी. लालबाग-परळमधल्या कित्येक घरांत ती चपाती, आणि पोळी म्हणजे होळीला होते ती पुरणाची. पहिल्या घरातून दुसऱ्या घरात सून म्हणून गेलेल्या मुलीला ‘आज पोळ्या कर गं’ या वाक्याने घाम फुटू शकतो. ‘पोळी’ शब्द बाजूला ठेवून ‘पुरण घालायचं का?’ एवढं विचारलं की प्रश्न संपतो. खरा प्रश्न तेव्हा उरतो, जेव्हा कोणीतरी म्हणतं की आमचाच शब्द शुद्ध. तिथे कणकेचा संबंध सुटलेला असतो. कोणत्या घराची, कोणत्या जातीची, कोणत्या गावाची मराठी खरी मानायची, हा तो प्रश्न असतो, आणि तो पोळीपेक्षा कितीतरी जुना आणि कडू आहे.

शेजारच्या भाषा एकच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात तेव्हा तर पाय हमखास घसरतो. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. २००१ च्या सुमाराला देशभर सुरू झालेलं सर्व शिक्षा अभियान महाराष्ट्रातही त्याच नावाने आलं आणि शाळांच्या भिंतींवर रंगवलं गेलं. ‘सर्वांना शिक्षा’ असा तो फलक वाचणाऱ्या मराठी मुलाच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. समाधान मराठीत तृप्ती आहे, हिंदीत उपाय. चेष्टा मराठीत थट्टा आहे, हिंदीत प्रयत्न. शीव-माटुंगा-धारावीच्या पट्ट्यात तमिळ, गुजराती, पंजाबी, सिंधी, कोळी आणि देशावरून आलेली मराठी एका रांगेत उभी असते. तिथे ‘खाली’ एवढ्या एका शब्दावर टॅक्सी रिकामी आहे की कोणी खाली उतरायचं आहे, हे सूर ऐकून ओळखावं लागतं.

दवाखान्यात हा घोळ नुसता गमतीचा राहत नाही. रक्त तपासायला ‘उपाशीपोटी या’ असं सांगितलेलं असतं. माणूस येतो, प्रामाणिकपणे सांगतो, ‘काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला.’ त्याच्या भाषेत चहा प्यायचा असतो, खायचा नसतो. शिवाय उपवासाला साबुदाणा चालणाऱ्या घरात ‘पोटात काही नाही’ याचा अर्थ आणखी सैल असतो. साखरेचा चहा पोटात गेलेला असल्याने तपासणी दुसऱ्या दिवसावर जाते, रोजंदारीवरच्या माणसाचा एक खाडा वाढतो. तो निष्काळजी नव्हता. सांगणाऱ्याने ‘पाण्याशिवाय काहीही नको, चहासुद्धा नको’ एवढी व्याख्या केली असती तर पुरलं असतं. ‘चक्कर येते’ या तक्रारीचंही तसंच. अनुभवी डॉक्टर लगेच विचारतात, ‘खोली गरगर फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते?’ दोन्हीला मराठीत चक्करच म्हणतात, पण पहिलीत बहुधा कानाच्या आतल्या भागाकडे पाहावं लागतं आणि दुसरीत रक्तदाबाकडे. करोनाच्या साथीत ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून आधी हायसं वाटलेली आणि मग समोरच्याचा चेहरा पाहून हबकलेली म्हातारी माणसं कुणी पाहिली नाहीत?

वेळेसारखी मोजता येणारी गोष्टही यातून सुटलेली नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती आणि ती नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे चालत असे. मुंबईने ती सहजासहजी सोडली नाही. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर, महापालिका आणि शहरातले पुष्कळ लोक जुन्या वेळेवर, असं कित्येक दशकं चाललं. १९५० च्या दशकापर्यंत मुंबईची वेळ टिकून होती. लग्नपत्रिकेवर किंवा सभेच्या हस्तपत्रकावर नुसतं ‘सहा वाजता’ लिहून भागत नसे. गिरणी कामगारांनी विरोध केला त्याचं कारण तर अगदी रोखठोक होतं: भोंग्याची वेळ आकड्यात तीच राहिली तरी सूर्याच्या हिशेबाने माणसाला चाळीस मिनिटं आधी उठावं लागणार होतं. शब्द तोच, झोप कमी.

वजनाचीही तीच कथा. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांच्या आसपास, बंगालचा ब्याऐंशीच्या वर. ‘शंभर मण’ असा सौदा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या मनात एकाच शब्दाने जवळजवळ तिप्पट फरकाची दोन ओझी उभी राहत. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि किलोने हे भांडण संपवलं.

कोर्टातल्या भांडणांत मात्र शब्दावर माणसाचं स्वातंत्र्य टांगलेलं असतं. शीवच्या मोठ्या महापालिका रुग्णालयाला लोकमान्य टिळकांचं नाव आहे. त्याच टिळकांना १८९७ साली ज्या शब्दाने तुरुंगात पाठवलं, तो इंग्रजी शब्द होता ‘डिसअफेक्शन’. भारतीय दंड विधानाच्या १२४-अ कलमात सरकारविषयी डिसअफेक्शन निर्माण करणं हा गुन्हा होता. पण कलमाच्या स्पष्टीकरणात सरकारी धोरणाबद्दल नापसंती दाखवायला मुभा होती. मग नापसंती कुठे संपते आणि अप्रीती कुठे सुरू होते? मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयी कोणत्याही प्रकारची वाईट भावना त्यात आली. ही व्याख्या ऐकली की अंगावर काटा येतो. परकीय राज्यकर्त्यावर प्रेम नसणं हाच गुन्हा ठरला, तर सबंध देशात निर्दोष कोण उरतो? नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. सहा विरुद्ध तीन असा निर्णय झाला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलम दुरुस्त केलं आणि त्या शब्दात राजनिष्ठेचा अभाव आणि वैराच्या सर्व भावना येतात असं कायद्यातच लिहून टाकलं. ज्या अर्थावर वाद झाला होता तो बळकट करून वाद बंद करण्याची ही पद्धत होती.

१९०८ च्या खटल्यात तर भांडण दोन भाषांच्या मधल्या जागेत गेलं. ‘केसरी’तले लेख मराठीत होते, ज्यूरीतले नऊपैकी सात सभासद युरोपीय होते, आणि निवाडा होणार होता इंग्रजी भाषांतरावर. आपल्या मराठी शब्दांना भाषांतरात नको तितकी धार चढली आहे, हे टिळक दिवसेंदिवस स्वतः उभे राहून सांगत होते. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. निकालानंतर गिरणगावातल्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. त्यांना डिसअफेक्शनची व्याख्या कुणी समजावली नव्हती. काय झालं ते मात्र त्यांना पुरतं कळलं होतं.

गिरणगावाच्या वाट्याला व्याख्येचं आणखी एक भांडण आलं, आणि त्याचा परिणाम आजच्या परळ-लालबागच्या आकाशरेषेत दिसतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या. मुंबईच्या अठ्ठावन्न गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती, तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने एक वाटणी ठरवली: गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश जमीन बागा-मैदानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेली मालकाला. वाटणी सरळ होती, पण मालक पुढे येईनात. जुन्या शेड न पाडता आतूनच बदलून वापरल्या की वाटणी टळत होती.

२००१ साली नियम बदलला गेला. बदल बारीक दिसत होता. वाटणी आता ‘मोकळ्या जमिनीची’ करायची होती. पण मोकळी जमीन म्हणजे कोणती? गिरणी पाडल्यावर जी सगळी मोकळी होते ती, की गिरणी उभी असतानाही ज्या जागेवर काहीच बांधलेलं नव्हतं तेवढीच? पहिला अर्थ घेतला तर शहराला शेकडो एकरांत वाटा मिळतो. दुसरा घेतला तर गिरण्यांच्या आवारात शेड, गोदामं आणि चिमण्या इतक्या दाटीने उभ्या होत्या, की वाटायला फारसं उरतच नाही. पर्यावरणवादी उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूचा अर्थ मान्य केला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१ च्या नियमाचा अर्थ मालकांना सोयीचा तोच कायम ठरला.

या प्रकरणाला चाल्मर्स यांची कसोटी लावून पाहावी. ‘मोकळी जमीन’ हे शब्द वापरायला बंदी केली, तर भांडण विरघळतं का? मुळीच नाही. लालबागच्या मुलांना मैदान मिळणार की नाही, ज्यांच्या आयुष्याचा पिळा त्या यंत्रांवर झाला त्या कामगारांना घर मिळणार की नाही, हा प्रश्न तसाच उभा राहतो. १६६५ मध्येही माहीमची जकात कोणाच्या खजिन्यात जायची, हा प्रश्न ‘बेट’ शब्दाविनाही उरलाच असता. अशा भांडणाला ‘शब्दांचा कीस’ म्हणून हिणवणं हा मोठा अन्याय आहे. ज्याचं पोट त्या शब्दावर अवलंबून नाही, त्यालाच तो कीस वाटतो. धारावीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द ज्या गांभीर्याने उच्चारले जातात ते ऐकावं. नाटकातलं पात्र, भांडं या अर्थाचं पात्र, हे सगळे अर्थ तिथे पुसले गेलेत. तिथे पात्र म्हणजे ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून इथे राहत असल्याचा कागद असलेला माणूस.

व्याख्या आधीच नीट केली तर काय होतं, याचंही उदाहरण मुंबईच्या घरांतच आहे. वर्षानुवर्षं ‘हजार फुटांचं घर’ घेतलेल्या कुटुंबाला आत गेल्यावर साडेसहाशे-सातशे फूट सापडत. उरलेले फूट भिंतींत, जिन्यात, लिफ्टमध्ये आणि कधी कधी बागेतही वाटलेले असत. बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप असे शब्द प्रत्येक बिल्डरचे वेगळे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेट एरियाची एकच व्याख्या केली: घराच्या आत वापरता येणारी जागा, आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि गच्ची वगळून. मे २०१७ पासून महारेराकडे नोंदल्या जाणाऱ्या प्रकल्पांना घराचं क्षेत्रफळ याच मापाने सांगावं लागतं. व्याख्या कोरडी आहे, वाचायला कंटाळवाणीही. पण पंधरा वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणाऱ्या माणसाला तिच्याइतका मोलाचा परिच्छेद दुसरा नाही.

आणि खुद्द शीव? तिच्या नावाचाही निकाल लागलेला नाही. मराठी माणूस म्हणतो, हद्द म्हणून शीव, आणि सायन हा इंग्रजांच्या जिभेवर झालेला तिचा अपभ्रंश. दुसरी कथा सांगते की जेझुइट पाद्र्यांनी जेरुसलेमच्या झायन टेकडीवरून इथल्या प्रार्थनामंदिराला नाव दिलं आणि त्यातून सायन आलं. लोकलच्या मराठी घोषणेत शीव येतं, हिंदीत सायन. सातारा-सोलापूरकडून आजारी माणसाला घेऊन पहाटे उतरलेल्या कुटुंबाच्या हातातल्या चिठ्ठीवर लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय असं लिहिलेलं असतं. गाडी थांबते ते स्थानक शीव. बाहेर टॅक्सीवाल्याला ती चिठ्ठी दाखवली तर तो क्षणभर अडखळतो. मग मागे उभा असलेला कोणीतरी म्हणतो, ‘अहो, सायन हॉस्पिटल!’ आणि टॅक्सीचा मीटर पडतो.